कॉलेजच्या आवारातला बेहडा तोडणार आहेत, मदत हवी आहे

मंडळी, आमचं कॉलेज बेळगाव-खानापूर रस्त्याला लागून आहे. मागच्या बाजूला एक जुना बेहडा आहे. त्याची एक फांदी वाळली म्हणून झाडच काढून तिथे पार्किंग करायचं ठरतंय.

त्या झाडाच्या ढोलीत राखी धनेश या पक्ष्याचं घरटं आहे. मादी आत बसलीय, ढोलीचं तोंड विष्ठेनं लिंपून टाकलंय, बोटभर रुंद उभी फट तेवढी उघडी. सकाळी नर येतो, घशातून एकेक उंबर वर काढतो आणि फटीतून चोचीत देतो. काल मी मोजली, सलग अकरा. आत असताना मादीची उडायची पिसं गळतात, त्यामुळे आता झाड पडलं तर तिला उडताच येणार नाही. झाडाखाली बियांचा सडा असतो, त्यातून वडा-उंबराची रोपं उगवलीत. एवढं फुकट लागवड करणारं दुसरं कोण आहे?

कर्नाटकात १९७६ चा वृक्ष संरक्षण कायदा आहे, तोडायला वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. अर्ज कुणी केलाय का, हे कुठे विचारायचं? हरकत कन्नडमध्येच द्यावी लागते का? कुणी मसुदा लिहून देईल का? आणखी एक, आवारातल्या झाडांची कन्नड नावांसह यादी करतोय. उंबर म्हणजे अत्ती, ऐन म्हणजे मत्ती, करंज म्हणजे होंगे, एवढं जमलंय. किंजळ आणि कुंभ्याला आपल्याकडचे कन्नड शेजारी काय म्हणतात?

पिल्लं बाहेर पडेपर्यंत तरी कुऱ्हाड थांबायला हवी. ज्यांना माहीत आहे त्यांनी आजच कळवा.