एसटीपीचा (सांडपाणी साफ करायच्या प्रकल्पाचा) गाळ वावरात टाकू का? औषधं उतरतात म्हणे (मदत हवी आहे)

वावरवाला_कुही
राजेहो, लवकर सांगा. एसटीपीचा गाळ फुकटात भेटून राहिला, ट्रॅक्टरचं भाडं तेवढं आपलं. माणूस उद्या आणखी ट्रॉल्या आणतो म्हणते. आता पोरगं म्हणते, लोकायनं खाल्लेल्या गोळ्या, साबण, शाम्पू सगळं त्या गाळात राह्यते. खरं हाय का? टाकू का नको, एवढंच सांगा. आणि नागपुरात हे तपासून कुठं भेटते?

मनीषनगरकर
कोणता एसटीपी? भांडेवाडीचा का? ओला की वाळलेला? पीक कोणतं?

वावरवाला_कुही
गाळ म्हंजे गाळ. काळा हाय. वास येते.

गोमाता_शेती
भाऊ, फुकटच्या नादी लागू नका. २०० लिटर पाण्यात दहा किलो शेण, गोमूत्र, गूळ, बेसन. जीवामृत सोडा आणि हा मैला परत पाठवा.

मनीषनगरकर
त्यांनी खत कोणतं टाकू असं विचारलं नाहीये.

पंपहाऊस
मी एसटीपी चालवतो म्हणून लिहितो. पोराचं बरोबर आहे, पण अर्धं. पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन सांडपाण्यात हवा सोडतो त्या टाकीतले जिवाणू बरंचसं खाऊन टाकतात. साबणातला ट्रायक्लोसान, ट्रायक्लोकार्बान (जंतुनाशकं) पाण्यात राहायला तयार नसतो, गाळाला चिकटतो. सिप्रोफ्लॉक्सासिन गटातली प्रतिजैविकंही तशीच. म्हणजे पाणी साफ झालं तरी माल गाळात जमा. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने ७४ प्रकल्पांतून ८४ नमुने घेतले होते (अहवाल २००९). सिप्रोफ्लॉक्सासिन आणि ट्रायक्लोकार्बान एकूण एक नमुन्यात निघालं.

काटोल_बाग
अमेरिकेचं नागपुरात काय करायचं? आमच्याकडे संत्र्याला असाच गाळ घातला, झाडं काळीभोर आहेत. नुसतं भेव दाखवू नका.

पंपहाऊस
झाड काळंभोर होणारच, नत्र-स्फुरद भरपूर आहे त्यात. औषध आहे की नाही ते पानाच्या रंगावरून कसं कळणार?

केमिस्ट्रीचे_सर
एक भर घालतो. सगळीच औषधं गाळात बसत नाहीत. फिटच्या गोळीतलं कार्बामाझेपिन सहजी तुटतही नाही आणि चिकटतही नाही, पाण्याबरोबर पुढे जातं. ते मुळांतून वर चढतं आणि पानांत साठतं, कारण पाणी पानातूनच उडतं. म्हणून फळापेक्षा पालेभाजीत जास्त सापडतं. प्रमाण मात्र गोळीच्या मानाने नगण्य. प्रतिजैविकांत खरी भीती खाणाऱ्याला डोस बसण्याची नाही, मातीतले जंतू औषधाला निर्ढावण्याची आहे.

पक्षीवेडा
गिधाडं आठवतात का कोणाला? गुरांना देत त्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामकामुळेच गेली, मेलेली गुरं खाऊन. जनावरांसाठीचं ते औषध २००६ मध्ये बंद झालं तेव्हा उशीर झाला होता.

काटोल_बाग
इथं गाळ चालू आहे, गिधाडं कुठून आली?

सदर_गृहिणी
मुदत संपलेल्या गोळ्या मी आजपर्यंत संडासातच टाकत आले. चूक का?

पंपहाऊस
नका टाकू ताई, त्या आमच्याच टाकीत येतात. पुड्यातून काढून ओल्या मातीत कालवा, पिशवीत बांधा, मग कचऱ्यात.

वावरवाला_कुही
माह्या प्रश्नाचं काय? सांबार (कोथिंबीर) आणि पालक हाय. गाळ एका फ्लॅट स्कीमचा हाय, नाव नाही सांगत. खालच्या मजल्यावर दवाखाना हाय. थंडाव्यासाठी सांबाराच्या वाफ्यावर थापला, तीन ट्रॉल्या पडल्या बी.

पंपहाऊस
अहो, हे पहिल्या ओळीत लिहायचं ना! मग औषधं राहू द्या बाजूला, आधी जंत बघा. वास येतो म्हणजे गाळ पुरता कुजलेला नाही. गोलकृमीची अंडी त्यात महिनोनमहिने जिवंत राहतात आणि सांबार तर आपण कच्चाच खातो. अमेरिकेच्या नियमात असा अर्धवट कुजलेला गाळ टाकला, तर ज्याचा खायचा भाग मातीला लागतो ते पीक १४ महिने काढता येत नाही. तुमचा सांबार दीड महिन्यात बाजारात जाईल.

केमिस्ट्रीचे_सर
तपासणीचं: जड धातू करून घ्या, ते खताच्या प्रयोगशाळेत होतं. खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टला किलोमागे कॅडमियम ५, शिसं १००, पारा ०.१५ मिलिग्रॅम अशी मर्यादा आहे. औषधांची मर्यादा त्यात नाहीच. औषधं मोजायला एलसी-एमएस हे अगदी सूक्ष्म प्रमाण मोजणारं यंत्र लागतं, साध्या माती परीक्षणात काहीच दिसणार नाही.

मनीषनगरकर
नीरी (पर्यावरण संशोधनाची राष्ट्रीय संस्था) नागपुरातच आहे की, १९५८ पासून. विचारून बघायला काय जातं?

केमिस्ट्रीचे_सर
जरूर विचारा. पण एका वावरासाठी तो खर्च कशाला? आकडा आला तरी तुलना कशाशी करणार?

काटोल_बाग
संत्र्याला तर चालेल ना? फळ वर असतं.

पंपहाऊस
जमिनीवर पडलेलं फळ उचलत नसाल, तर भाजीपेक्षा बरं. तरी आधी कंपोस्ट करा. ढीग आतून ५५ अंशांपर्यंत तापला पाहिजे आणि चांगला उलटवला पाहिजे. अंडी त्यानेच मरतात, काही औषधंही तुटतात. सगळी नाही.

वावरवाला_कुही
मंग पडलेल्या ट्रॉल्यायचं काय करू? पाऊस आला तर वाहून जाईन.

पंपहाऊस
वाफ्यावरचा वरचा थर खरवडून काढा, सांबार बाजारात नेऊ नका. गाळ बांधावरच्या सागाला द्या, विहिरीपासून लांब. हातमोजे घाला.

वावरवाला_कुही
साग हाय बांधावर. पण ट्रॅक्टरवाला आता दुसऱ्यांदा भाडं मागन.

पंपहाऊस
भाडं तुम्ही भरता? आम्ही गाळ नेणाऱ्याला वरून पैसे मोजतो.

वावरवाला_कुही
काय सांगता! किती देता?