लियाँहून सकाळी जाऊन संध्याकाळी परत: भारी जेवणासाठी कुठं जावं? (सोबत पक्का शाकाहारी आहे)

उद्यमबाग_पंपवाला
मंडळी, नमस्कार. सप्टेंबरात बेळगावहून आम्ही तिघं मशिनरीच्या कामाला फ्रान्सात लियाँला जातोय. मुक्काम पार-दिएयू स्टेशनजवळ. मधे एक शनिवार आणि एक मंगळवार मोकळा मिळतोय. लियाँच्या आसपासच्या गावांत मिशलनचे तारेवाली हॉटेलं बरीच आहेत म्हणतात. त्यातलं एखादं गाठून दुपारी निवांत जेवायचं आणि अंधार पडायच्या आत खोलीवर परत यायचं, एवढाच बेत. गाडी भाड्यानं घेणार नाही. तिघांत एक पक्का शाकाहारी, अंडंही नाही. दुसरा कोंबडी-मासे खातो, पण बैल आणि डुक्कर नको. तिसऱ्याला सगळं चालतं. माणशी १५० युरो, फार ताणलं तर १७५. कुठं जावं, बुकिंग कसं करावं, आणि आमच्या शाकाहारी साहेबांनी तिथं नुसता पाव-लोणी खाऊन उठायचं काय?

निपाणी_नाका
अशी नावाजलेली हॉटेलं शहर सोडून रस्त्याकडेच्या गावांत का, ते आधी बघा, म्हणजे निवडायला सोपं जाईल. पॅरिसहून लियाँवरून दक्षिणेच्या समुद्राकडे जाणारा जुना नॅशनल ७ हा रस्ता म्हणजे त्यांचा पी. बी. रोडच (पुणे-बेंगळूर रस्ता). मिशलन ही टायर बनवणारी कंपनी. तिनं १९०० साली गाडीवाल्यांसाठी मार्गदर्शिका काढली आणि १९२६ पासून तारे द्यायला लागली. एक तारा म्हणजे वाटेत थांबण्यासारखं, दोन म्हणजे वाट वाकडी करून जाण्यासारखं, तीन म्हणजे मुद्दाम प्रवास करून जाण्यासारखं. त्या रस्त्यानं जाणाऱ्या मोटारवाल्यांच्या जिवावर व्हिएन आणि व्हालाँसची हॉटेलं वर आली.

तुमच्या शनिवारला व्हिएन घ्या. लियाँच्या दक्षिणेला साधारण ३० किलोमीटर. टीईआर, म्हणजे आपली पॅसेंजर गाडी, वीस ते तीस मिनिटांत पोचवते. तिथलं ‘ला पिरामीद’ हे फेर्नां प्वां यांचं हॉटेल, १९३३ साली तीन तारे मिळालेलं. पुढं नामांकित झालेले शेफ पॉल बोक्यूज शिकले ते याच स्वयंपाकघरात. १९८९ पासून पात्रिक हेन्रीरू यांनी ते चालवलं आणि दोन तारे मिळवले. स्टेशनपासून दक्षिणेला १५-२० मिनिटं चालत. नाव पडलंय ते शेजारच्या दगडी सुळक्यावरून. रोमन काळी तिथं रथांच्या शर्यतीचं मैदान होतं, त्याच्या मधोमध उभा असायचा तो. मोठ्या हॉलमधलं जेवण तुमच्या आकड्याच्या वर जाईल, पण त्याच घराचं ‘एस्पास पीएच ३’ हे हलकं हॉटेल शेजारीच आहे, ते बसेल.

शनिवारच म्हणायचं आणखी एक कारण. त्या दिवशी सकाळी व्हिएनचा आठवडी बाजार अख्खं गाव व्यापून भरतो. आपल्याकडं शनिवारी बाजार असतो तसाच, फक्त कोथिंबिरीच्या जुड्यांऐवजी चीजचे गोळे. दहापर्यंत पोचा, बाजार आणि ऑगस्ट-लिव्हीचं रोमन देऊळ बघा, सव्वाबाराला टेबलावर बसा.

बाकीचे थोडक्यात. कोलोंज: बोक्यूजचं लाल-हिरवं रंगवलेलं हॉटेल, लियाँपासून दहाएक किलोमीटर, सोन नदीच्या काठावर. १९६५ पासून तीन तारे होते, २०२० ला एक गेला. बजेटच्या वर. फुगलेल्या पेस्ट्रीच्या टोपीखालचं त्यांचं ट्रफल सूप १९७५ साली राष्ट्राध्यक्षांच्या जेवणासाठी केलेलं. त्यात मांसाचा काढा आणि बदकाचं काळीज असतं, म्हणजे तुमच्यातल्या दोघांना तसंही उपयोगाचं नाही. ऊश: त्र्वाग्रो घराण्याचं, १९६८ पासून तीन तारे. पण जवळच्या रोआन स्टेशनपर्यंत सव्वा तास गाडी आणि पुढं टॅक्सी, शिवाय खिसा रिकामा. सोडून द्या.

व्हालाँस जमण्यासारखं आहे, पण एका ठिकाणी हमखास फसायला होतं. मोबाईलवर ‘व्हालाँस’ टाकलं की जलद गाडी आधी दिसते, पाऊण तासाच्या आत. ती उतरवते ‘व्हालाँस टीजीव्ही’ला, आणि ते स्टेशन गावापासून दहाएक किलोमीटर लांब, शेतात. तुम्हाला पाहिजे ‘व्हालाँस व्हील’. टीईआरला तासाच्या वर लागतो, पण गावात उतरवते. तिथं आन-सोफी पिक यांचं तीन ताऱ्यांचं हॉटेल आहे (२००७ पासून). आजोबा आणि वडील, दोघांनीही तीन तारे मिळवलेले. त्याला ३०० युरोच्या पुढं धरा. त्याच आवारातलं ‘आंद्रे’ मात्र तुमच्या बजेटात आहे.

टिळकवाडी_शाकाहार
शाकाहारी साहेबांसाठी सांगते. पाव-लोणी खायची पाळी येणार नाही, पण तिथं जाऊन टेबलावर बसल्यावर ‘मी व्हेज’ म्हणालात तर नक्की येईल. अशा स्वयंपाकघरात सॉस आणि काढे आदल्या दिवशीपासून शिजत असतात. ऐनवेळी बिनमांसाचा काढा कुठून आणणार ते? बुकिंग करतानाच लिहायचं, आणि दोन दिवस आधी ईमेलनं परत आठवण द्यायची.

‘व्हेजेतारियाँ’ एवढा एकच शब्द पुरत नाही. बऱ्याच जणांच्या डोक्यात त्याचा अर्थ ‘मटण नको, मासा चालेल’ असा होतो. म्हणून एकेक नाव घेऊन लिहा: साँ व्यांद (मांस नको), साँ व्होलाय (कोंबडी-बदक नको), साँ प्वासाँ, साँ फ्रुई द मेर (मासे, कोळंबी-शिंपले नकोत), साँ बुयाँ द व्यांद (मांसाचा काढा नको), साँ जेलातीन (जनावराच्या हाडा-कातड्यातलं जिलेटिन नको), साँ झ. शेवटचं ‘साँ झ’ म्हणजे अंडी नकोत. उच्चार गमतीदार वाटतो, पण तुमच्या बाबतीत सगळ्यात जास्त अडवणारं तेच आहे. दूध, लोणी, साय चालते, हेही लिहा. नाहीतर ते तुम्हाला व्हीगन समजतील आणि ताटातलं लोणीही जाईल.

मांस डोळ्यांना दिसत नाही पण असतं अशा जागा:
भाजीचं सूप आणि रिसोटो कोंबडीच्या काढ्यात केलेलं असतं. मसुराच्या डाळीत आणि लियाँच्या सॅलडमध्ये डुकराच्या चरबट मांसाचे बारीक तुकडे पडतात, त्यांना लार्दों म्हणतात. हे दुसऱ्या साहेबांनीही ध्यानात ठेवावं. ‘केनेल’ दिसायला पांढराशुभ्र, मऊ, कोफ्त्यासारखा. लियाँत तो बहुतेक वेळा ब्रोशे नावाच्या नदीतल्या माशाचा. थरथरणारं पुडिंग दिसलं की जिलेटिनची शंका घ्यायची.

चीजचा प्रश्न वेगळा आहे. दूध फाडायला वासराच्या पोटातलं रेनेट घालतात, आणि जुन्या पद्धतीच्या बहुतेक चीजना तेच लागतं. कोंतेला तर नियमच तसा आहे. साहेबांना ते चालतं का, हे बेळगावातच विचारून घ्या, तिथं ताटासमोर चर्चा नको.

आता काय खाता येईल ते. व्हिएनचा भाग जुन्या दोफिने प्रांतातला, तिथला ग्रातँ दोफिन्वा मागा. बटाट्याच्या पातळ चकत्या, दूध, साय, लसूण, जायफळ, मंद आचेवर तासभराच्या वर भाजलेलं. अस्सल पद्धतीत अंडं नाही, चीजही नाही. काही जण घालतात, म्हणून विचारायचं. चकत्या धुवायच्या नाहीत, कारण त्यांच्या पिठूळपणामुळेच दूध दाट होतं, म्हणजे अंड्याची गरजच पडत नाही. सप्टेंबरात सेप नावाची जाड देठाची रानटी अळंबी येते, ती लोण्यावर परतलेली. गोडात केक, क्रीम, आइस्क्रीम सगळ्यात अंडं. ताजी फळं किंवा सोर्बे (फळांच्या रसाचा गोठवलेला गोळा) सांगा, आणि सोर्बेत अंड्याचा पांढरा भाग नाही ना, तेवढं विचारा.

खडेबाजार_हिशेब
पैशाचं मी सांगतो. तारेवाल्या हॉटेलात बुकिंगला कार्ड मागतात. त्याला ‘आंप्रांत बांकेर’ म्हणतात, म्हणजे कार्डचा नुसता ठसा. पैसे तेव्हा कापत नाहीत, न सांगता गैरहजर राहिलात की माणशी ठरलेला दंड कापतात. किती तासांआधी रद्द केलं तर दंड नाही, ते बुकिंगच्या पानावर असतं. वाचून त्याचा फोटो काढून ठेवा.

इथं आपल्याकडची कार्डं का अडकतात? २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानं नवीन कार्डावर परदेशी आणि ऑनलाइन व्यवहार बंदच असतात, बँकेच्या ॲपमध्ये जाऊन ते स्वतः चालू करावे लागतात. दुसरं, ओटीपी आपल्या इथल्या नंबरवर येतो. तिथलं सिम घालून आपलं काढून ठेवलं की संपलं. दोन सिमचा फोन न्या, किंवा सगळी बुकिंगं बेळगाव सोडायच्या आधीच उरका. महिना-दीड महिना आधी बसा, शनिवार दुपार लवकर भरते.

बिल देताना मशिन विचारेल, रुपयात कापू की युरोत? युरोच दाबा. रुपयाचा दर ते त्यांच्या मनानं लावतात.

बजेट बिघडतं ते जेवणानं नाही, पिण्यानं. दर पदार्थाला वेगळी वाईन असा जोड घेतला तर बिल सहज दीडपट. एखादा ग्लास सांगा. पाणी विचारताना ‘साधं की गॅसचं’ म्हणतील, दोन्ही बाटल्या विकतच्या. ‘युन काराफ दो’ म्हटलं की नळाचं पाणी फुकट येतं, त्यात कमीपणा काही नाही. सेवेचा आकार किमतीतच धरलेला असतो, टिप मनावर. आणि बिल ते आपणहून आणत नाहीत. तसं करणं त्यांच्याकडं पाहुण्याला ‘उठा आता’ म्हटल्यासारखं. ‘लाडिस्यों, सिल व्हू प्ले’ म्हणून मागायचं, आणि गाडीच्या वेळेच्या अर्धा तास आधी मागायचं.

उद्यमबाग_पंपवाला
भारी माहिती. शनिवार व्हिएन पक्कं. मंगळवारी कोंबडी खाणाऱ्या साहेबांसाठी ब्रेस भागातली नावाजलेली कोंबडी खायला व्होनास गावाला जावं म्हणतोय. जमेल काय? आणि कपडे काय घालायचे?

निपाणी_नाका
मंगळवारचं जरा जपून. अशी हॉटेलं आठवड्याला दोन दिवस बंद असतात. शहरात बहुतेक रविवार-सोमवार, गावाकडं सोमवार-मंगळवार नाहीतर मंगळवार-बुधवार. आधी त्यांचं पान उघडून मंगळवार दुपार चालू आहे का बघा, मग गाडी. उलटं केलंत तर बंद दारासमोर उभे राहाल.

व्होनासला थेट गाडी धरू नका, माकाँ किंवा बूर-आं-ब्रेसला बदलावी लागते. दुपारी मधेच तास-दोन तास गाडी नसते, म्हणून परतीची गाडी आधी ठरवा, मग टेबल. ताऱ्यांच्या जेवणाला तीन ते साडेतीन तास लागतात. सव्वाबाराला बसलात तर चारच्या आधीची गाडी धरू नका. त्या आदल्या आठवड्यात संपाची बातमी बघायची, फ्रान्सात रेल्वेचा संप म्हणजे नवल नाही.

व्होनासच्या जोर्ज ब्लां यांच्या हॉटेलाला १९८१ पासून तीन तारे होते, २०२५ ला एक कमी झाला. त्याचा भाव बाजूला ठेवा. चौकातच त्यांचं ‘लांसिएन ओबेर्ज’ हे साधं हॉटेल आहे, ब्रेसची कोंबडी सायीच्या सॉसमध्ये तिथंही मिळते. ही कोंबडी महाग का? १९५७ पासून तिला कायद्याचं संरक्षण आहे. पांढरी पिसं, लाल तुरा, निळे पाय. दर पक्ष्याला निदान १० चौरस मीटर गवताळ जागा, साडेतीन महिन्यांच्या आत कापायची नाही, आणि शेवटचे काही दिवस लाकडी पिंजऱ्यात मका आणि दूध. मांस घट्ट असतं, आपल्या गावठी कोंबडीच्या जवळचं, पण चरबी आत मुरलेली. म्हणून रस्सा न करता सायीत हळू शिजवतात.

सोबत बटाट्याचे छोटे घावन येतात, क्रेप व्होनासिएन. अर्धा किलो उकडून कुस्करलेल्या बटाट्याला तीन चमचे मैदा, थोडं दूध, तीन अंडी, वर चार अंड्यांचा पांढरा भाग, दोन चमचे दाट साय. तळायचे साजूक तुपात. नुसत्या लोण्यातली दुधाची साका तापल्यावर जळून काळी होते, म्हणून कढवलेलंच लागतं. अर्थात, अंडी आली म्हणजे शाकाहारी साहेबांना बाद.

टिळकवाडी_शाकाहार
म्हणूनच मंगळवारी तिघांनी एकत्रच जायचं असेल तर व्होनास नको. नाहीतर शाकाहारी साहेबांना त्या दिवशी पेरूजला पाठवा, मेक्सिमिएयू-पेरूज स्टेशन अर्ध्या तासावर, वर चढण वीसेक मिनिटांची. दगडी जुनं गाव बघण्यासारखं आहे. तिथली साखर-लोण्याची गालेत (चपटी गोड रोटी) मात्र ‘शाकाहारी दिसतेय’ म्हणून घ्यायची नाही, पिठात अंडं असतं. डबा बरोबर द्या.

कपड्यांचं: टाय नको, इस्त्रीचा शर्ट, पँट आणि बंद बूट पुरतात. स्पोर्ट्स शूज आणि अर्धी चड्डी तेवढी टाळा.

खडेबाजार_हिशेब
बुकिंगच्या फॉर्ममध्ये माणसं ३ लिहिल्यावर ‘पथ्य’ असा रकाना असतो, त्यात दोन ओळी वेगवेगळ्या टाका: एकाला वरची सगळी यादी, दुसऱ्याला ‘साँ बफ, साँ व्हो, साँ पोर’. बफ म्हणजे बैलाचं मांस, पोर म्हणजे डुकराचं, व्हो म्हणजे वासराचं. वासराचं ‘बफ’मध्ये धरत नाहीत, वेगळं नाव घेतलं नाही तर ताटात येतंच.

उद्यमबाग_पंपवाला
वासराचं ध्यानातच आलं नसतं. आजच रात्री व्हिएनचं बुकिंग टाकतो, कार्डचं परदेशी व्यवहाराचं बटण आधी चालू करून.