डिस्पोजेबल कॅमेऱ्यातले फोटो लिलावात: बोली लावू का?

रेवा_टोरांटो
इथल्या एका छोट्या कलादालनाचा निधीसाठी लिलाव चाललाय, शुक्रवारी रात्री बोली बंद होते. त्यात एका कलावतीचे तीन फोटो आहेत. ती नाचते, भरतकाम करते, आवाज ध्वनिमुद्रित करून मांडणीशिल्पं करते. हे फोटो मात्र साध्या डिस्पोजेबल, म्हणजे एकच रोल काढून टाकून द्यायच्या कॅमेऱ्यावर काढलेत. एकात तिची आजी पाठमोरी चादरीची घडी घालतेय. चादर पांढरीफटक, मागे सगळा काळोख. माझी आजी साताऱ्याला गच्चीवर अशीच घडी घालायची, एक काठ हनुवटीखाली दाबून. तिथून माझा पाय निघेना.

सुरुवात १५० डॉलरपासून. घरातून ऐकावं लागतंय, "असल्या स्वस्त कॅमेऱ्यातल्या फोटोला एवढे?" कडाही धूसर आहेत. हा दोष समजायचा का? घेण्याआधी काय विचारू?

जुनी_लॅब
रेवाताई, मी कोल्हापुरात बरीच वर्षं कलर लॅब चालवली. असे कॅमेरे हाताखालून गेलेत. फुजीने जपानमध्ये १९८६ साली आणला तो प्रकार. पुठ्ठ्याच्या वेष्टनात फिल्मचा रोल आणि पुढे प्लास्टिकचं भिंग, बस्स. फोकस ठरलेला, शटर ठरलेलं. फ्लॅशचा उजेड तीनेक मीटरमध्ये संपतो, म्हणून तुमची चादर पांढरीफटक आणि मागे काळोख. कडा सांभाळायला आत फिल्म किंचित वक्र बसवतात, तरी त्या फोकसमधून सुटतातच. दोष मानू नका.

फिल्म आधीच डबीबाहेर गुंडाळलेली असते, प्रत्येक फोटोगणिक परत डबीत जाते. त्यामुळे रोल संपला की भर उजेडात कॅमेरा उघडायचा. जपायचं ते फ्लॅशसाठी वीज साठवणाऱ्या कपॅसिटरला. सुमारे ३०० व्होल्ट साठलेले असतात. एकदा माझा अंगठा संध्याकाळपर्यंत बधिर होता.

बहुतेकांत २७ फोटो. काढलेला दिसत नाही, पुसताही येत नाही. आजीची घडी अर्ध्यावर असताना बटण दाबायचं हे त्या बाईंनी ओळखलं. मी असतो तर त्याचेच पैसे मोजले असते.

कागद_शाई
कागदाचं आधी विचारा. फोटोग्राफिक कागदावर रसायनांत धुऊन केलेली सी-प्रिंट आहे की स्कॅन करून इंकजेटवर छापलीय? इंकजेट वाईट असं नाही, पण कळायला हवं. एकूण प्रती किती, तुमची कितवी, सही कुठे, हेही विचारा. हातोडा पडेल त्या रकमेवर बायर्स प्रीमियम (घेणाऱ्याकडून वर घेतलं जाणारं शुल्क) लागतो का, ते नियमांत आधीच वाचा. सी-प्रिंटचे रंग उन्हाने उडतात. फ्रेम करताना मधे माउंट, म्हणजे पुठ्ठ्याची चौकट, घालायला सांगा, काच फोटोला टेकता कामा नये.

रेवा_टोरांटो
दोघांचे मनापासून आभार. आज फोन केला. सी-प्रिंट आहे, निगेटिव्हवरून केलेली. एकूण पाच प्रती, ही दुसरी; मागे पेन्सिलीने २/५ आणि सही. प्रीमियम नाही. कलादालनातल्या मुलीने आणखी एक सांगितलं: कॅमेरा आजीच्याच स्वयंपाकघरात फळीवर ठेवलेला असायचा, तो एक रोल संपायला दोन वर्षं लागली.

लॅबवाले काका, तुमचं उत्तर घरात मोठ्याने वाचून दाखवलं. मग १६० ची बोली लावली. २२० पर्यंत जाईन. जिन्याजवळची भिंत मोजून ठेवलीय, तिथे ऊन येत नाही.