जुन्या स्प्लेंडरचा ब्लॉक बोअर करावा, की सरळ नवं किट टाकावं?

माणदेशी_चाक
इंजिन ऑईल खायला लागलं, निळा धूर मारायला लागलं की आजकाल मेकॅनिक लगेच म्हणतो, "किट टाकून देऊ." नवा ब्लॉक (ज्यात पिस्टन खालीवर फिरतो तो सिलिंडर), पिस्टन, रिंगा, सगळं एका खोक्यात, आणि जुना ब्लॉक भंगारात. मला हे अजिबात पटत नाही. हिरो होंडाच्या 97.2 सीसी इंजिनाचा मूळ ब्लॉक म्हणजे अॅल्युमिनियमच्या अंगात बिडाची स्लीव्ह, म्हणजे नळी. ती बोअर करण्यासारखीच, म्हणजे आतून कापून जरा मोठी करण्यासारखीच असते. मूळ माप 50 मिमी, आणि ओव्हरसाइज पिस्टन पाव-पाव मिमीच्या टप्प्याने मिळतात. एकच ब्लॉक दोन-तीनदा उभा राहतो. मग चांगली वस्तू फेकून बाजारातलं बेनामी किट का घ्यायचं?

कारखाना_रोड
दादा, चांगला लेथवाला आहे कुठे ते आधी सांगा. आमच्याकडचे सगळे ट्रॅक्टर आणि पंपाच्या कामात अडकलेले. मोटरसायकलचा एवढासा ब्लॉक नेला की "आठवड्याने या". आतलं माप घ्यायचं बोअर गेज नाही, पिस्टन हातानं घालून बघायचा आणि "बसतंय" म्हणायचं. बोअर जरा तिरका गेला की पिस्टन एका अंगाला घासतो आणि घाटात जाम होतो. किटमध्ये ब्लॉक आणि पिस्टन जुळवून आलेले असतात, गाडी संध्याकाळी दारात. पहाटे दूध घालायला जाणाऱ्याला आठवडाभर गाडी खोलून ठेवणं परवडत नाही.

डबलसीट
एवढा खटाटोप कशाला? नुसत्या रिंगा बदला. माझ्या गाडीचा धूर तेवढ्यावर थांबला.

व्हर्नियर
डबलसीट, तुमचा बोअर मापात असणार म्हणून निभावलं. सगळ्यांना तो सल्ला देऊ नका. मी मशीन शॉपमध्ये हेच काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सिलिंडर सगळीकडे सारखा झिजत नाही. वरची रिंग जिथून परत फिरते तिथे उष्णता सर्वात जास्त, ऑईल सर्वात कमी आणि स्फोटाचा दाब रिंगेला भिंतीवर रेटत असतो. तिथे खड्डा पडतो आणि त्याच्या वर न झिजलेला काठ उरतो. ब्लॉक काढल्यावर आतून वरच्या बाजूला नख फिरवा, अडकलं तर समजा काठ तयार झालाय. अशा बोअरमध्ये नवी कोरी रिंग घातली तर तिची धार त्या काठावर आपटून मोडू शकते. शिवाय पिस्टन पिनच्या आडव्या दिशेला भिंत जास्त झिजते, म्हणजे बोअर लंबगोल होतो. गोल रिंग लंबगोल भोकात कशी बसणार? नुसत्या रिंगा तेव्हाच, जेव्हा माप मर्यादेत आहे आणि होनिंग करून, म्हणजे घासाईच्या दगडाने, भिंतीवर बारीक तिरप्या रेघा पुन्हा काढल्या आहेत. त्या रेघांत ऑईल धरून राहतं. काचेसारख्या गुळगुळीत झालेल्या भिंतीवर रिंग बसतच नाही.

आणि त्याच्याही आधी, दोष रिंगांचाच आहे का ते बघा. कंप्रेशन मोजा, मग प्लगच्या भोकातून चमचाभर ऑईल सोडून परत मोजा. आकडा चांगला वाढला तर रिंगा किंवा बोअर. नाही वाढला तर व्हॉल्व्हकडे बघा. सकाळी पहिल्या किकला धुराचा लोट आणि मग साफ, ही बहुतेक व्हॉल्व्ह सीलची खूण. त्या एका रबरी सीलपायी लोकांचे चांगले ब्लॉक बोअर होताना रोज बघतो. फार वाईट वाटतं.

आरएक्सवाला
आमच्या यामाहाच्या टू-स्ट्रोक आरएक्स 100 ला हा वाद वेगळाच लागू होतो. 1996 ला गाडी बंद झाली, मूळ ब्लॉक दरवर्षी दुर्मिळ होतोय. म्हणून मी म्हणतो, बोअर हा शेवटचा उपाय ठेवा. प्रत्येक बोअरला एक साइज कायमचा जातो. पण किट तर मुळीच नको. टू-स्ट्रोकमध्ये पोर्टची, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीतल्या भोकांची, उंची जरा इकडेतिकडे झाली की पिकअप गेला. आणि बोअर केलाच तर पोर्टच्या धारदार कडा घासून मारून घ्या, नाहीतर रिंग त्यात अडकून तुटते.

माणदेशी_चाक
व्हर्नियर, सीलचं तुम्ही लिहिलंत ते फार बरं झालं. आता कारखाना_रोड यांच्यासाठी. लेथवाला नाही म्हणून ब्लॉक फेकायचा, हे मला मान्य नाही. जिल्ह्याच्या गावी एक चकर मारा. आधी पिस्टन विकत घ्या, तो सोबत न्या आणि त्याच्या मापावर बोअर करायला सांगा. नुसतं "अर्धा मिमी मारा" म्हणून सोडू नका. दोन पिस्टनांत मिमीच्या शतांशाचा फरक असतो, आणि इथे खेळ एक-दीड थाऊचाच (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) आहे. घरी आणल्यावर ब्लॉक गरम पाणी आणि साबणाने धुवा, पांढरं फडकं काळं व्हायचं थांबेपर्यंत. होनिंगची पूड पेट्रोलने पुरती निघत नाही, आणि तीच पूड नव्या रिंगा खाते.

कारखाना_रोड
धुण्याचं आणि पिस्टन सोबत नेण्याचं पटलं. तरी मी किटवरच आहे, फक्त बेनामी नाही, कंपनीचं. ते महाग पडतं हे कबूल. पण गळीत हंगामात उसाच्या गाड्यांमागे धूळ खात फिरणारी गाडी आहे, तिला जिल्ह्याला सोडून घरी बसणं मला जमणार नाही.

व्हर्नियर
मग किट टाकताना एअर फिल्टरही नवा टाका आणि त्याच्या खोक्याचं रबर फाटलंय का बघा. तुमच्या रस्त्यावर ब्लॉक त्या धुळीनेच गेलाय. फिल्टर तसाच ठेवला तर कंपनीचं किटही दोन हंगामांत धूर मारेल.