मदत हवी आहे: गाडीतल्या नवीन स्पीकरचा आवाज नीट आहे की नाही ते कसं तपासायचं?

मंडळी, गेल्या आठवड्यात म्हापशातल्या एका दुकानातून गाडीच्या पुढच्या दारात साडेसहा इंची कंपोनंट स्पीकर (जाड आवाजाचा वूफर आणि बारीक आवाजाचा ट्वीटर वेगवेगळे असलेले) बसवून घेतले, दुकानात उभ्या गाडीत धडाधड वाजवून दाखवलं तेव्हा झकास वाटलं पण फोंड्याला घरी पोचेपर्यंत कान किटले.

गेल्या चतुर्थीला आमच्या घरची घुमट आरती (घुमट म्हणजे मातीचं, चामडं ताणलेलं वाद्य) मी स्वतः रेकॉर्ड केलेली, तो आवाज मला पाठ आहे, तीच पेनड्राइव्हवरून लावली तर घुमटाचा घुमारा गायब, नुसती टपटप, आणि झांजा मात्र कानात टोचतात. गाणाऱ्यांचा आवाज पण समोर डॅशबोर्डवर मधोमध यायला हवा ना, तो कुठून येतोय तेच कळत नाही. गंमत म्हणजे बॅलन्स पूर्ण डावीकडे नेला की बेस उलट वाढतो! इक्वलायझर सगळा शून्यावर, लाउडनेस बंद.

मला वाटतं एका स्पीकरची प्लस-मायनस उलटी जोडलीय. दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावून कोन बाहेर येतो की आत जातो ते बघतात म्हणे, पण कंपोनंटला ती सेलची वायर क्रॉसओव्हरच्या (जाड-बारीक आवाज वेगळे करून वूफर-ट्वीटरला देणाऱ्या डबीच्या) आधी लावायची की थेट वूफरला? आणि मोबाइलच्या माइकवर पिंक नॉइज (सगळ्या पट्ट्यांतला आवाज असलेली चाचणीची खरखर) मोजून काही कळतं का, की कानावरच भरवसा ठेवू? दाराचं पॅनल पण ६०-७० हर्ट्झला खडखडतंय, ते डॅम्पिंग शीटने (कंपन शोषणाऱ्या चिकट पत्र्याने) थांबेल का? दुकानदार म्हणतो स्पीकर रुळले की होईल सगळं ठीक, मला काय ते पटत नाही. फोंडा-पणजी भागात कोणी जाणकार असेल तर गाडी घेऊन येतो, चहा माझ्याकडून.