मदत हवी आहे : बाबांना मेस्सीची मॅच दाखवायचीय, तिकीट आत्ताच घेऊ का थांबू?

रंकाळ्याची_लेक (१४ सप्टेंबर २०२५)
प्लीज लवकर सांगा, दर रोज वरखाली होतोय आणि माझं डोकं बंद पडलंय. बाबा इकडे आलेत, ३० तारखेला परत जाणार. त्यांना एकदा मेस्सी मैदानात बघायचाय, एवढंच मागितलंय त्यांनी, नायगारा नको की व्हाइट हाऊस नको. काल रात्री दोन तिकिटं कार्टात टाकली, फी धरून चारशे डॉलरच्या वर जातंय, आणि तेवढ्यात नवऱ्याने दाखवलं की काल त्याची टीम इंटर मायामी शार्लटकडून तीन-शून्य हरली, मेस्सीची पेनल्टीपण अडवली. आणि ऑगस्टमध्ये त्याचा पाय दुखावला होता ना? मग तो खेळणार का नाही? नाही खेळला तर पैसे परत मिळतात का? ज्यांनी प्रत्यक्ष जाऊन बघितलंय त्यांनीच सांगा.

बिनधास्त_भालचंद्र
कुठली मॅच? कुठे? तारीख?

घरबसल्या
ताई, ॲपल टीव्हीवर सीझन पास घ्या, सगळ्या मॅच मिळतात. ॲपलने अमेरिकेतल्या या लीगचे (मेजर लीग सॉकर) हक्क २०२३ पासून १० वर्षांसाठी घेतलेत, अडीच अब्ज डॉलरला. टीव्हीवर रिप्ले मिळतो, चेहरा दिसतो, बाबांना जिने चढायला नकोत.

रंकाळ्याची_लेक
टीव्हीवर ते कोल्हापुरातही बघतात हो. न्यूयॉर्कची मॅच आहे.

एडिसनचा_अण्णा
न्यूयॉर्कच्या टीम दोन आहेत. रेड बुल्स, म्हणजे आपल्या न्यू जर्सीतलं हॅरिसन, ती जुलैच्या १९ ला झाली, मायामी ५-१ ने जिंकली, मेस्सीचे दोन गोल. तुम्ही म्हणताय ती न्यूयॉर्क सिटीची असणार, बुधवार २४ सप्टेंबर, सिटी फील्ड, क्वीन्स. बेसबॉलचं मैदान आहे. सीट कुठल्या मजल्यावर आहे ते बघा, बेसबॉलच्या मैदानात फुटबॉल ठेवला की काही सीटवरून जवळचा कॉर्नर दिसतच नाही. आणि तुम्ही राहता कुठे? जाणार कसे? किती जण?

रंकाळ्याची_लेक
हो हो तीच, २४ ची. मी आणि बाबा. आयझेलिनला राहते. पैसे परत मिळतात का हे कोणीतरी सांगा ना.

शिकागोचा_वारा
मी सांगतो, मी त्यातून गेलोय. ४ ऑक्टोबर २०२३, सोल्जर फील्ड. तिकीट काढलं तेव्हा मेस्सीला येऊन दोनेक महिने झालेले, सगळं वातावरण पेटलेलं. जुलैमध्ये पहिल्याच मॅचला क्रूझ अझुलविरुद्ध ९४ व्या मिनिटाला फ्री किकवर गोल, मग लीग्ज कप (अमेरिका-मेक्सिकोच्या क्लबांची स्पर्धा) जिंकून दिला, तोही अशा टीमला जी लीगच्या तळाला पडली होती. आम्ही सहा जण गेलो. त्या रात्री ६२,१२४ लोक होते मैदानात आणि मेस्सी दुखापतीमुळे आलाच नाही. शिकागो ४-१ ने जिंकली. माझ्या शेजारी एक बाई लेकाला घेऊन आलेली, पोराच्या अंगात गुलाबी शर्ट, तो वॉर्म-अपला रेलिंगपाशी उभा राहून एकेक खेळाडू मोजत होता. परत येऊन सीटवर बसला तो शेवटपर्यंत बोलला नाही.

तर उत्तर : नाही, पैसे परत मिळत नाहीत. तुम्ही तिकीट मॅचचं काढता, माणसाचं नाही. शिकागोने पुढच्या सीझनसाठी क्रेडिट दिलं, सुट्या तिकिटावर ५० डॉलर किंवा नवं सीझन तिकीट घेतलं तर २५०. व्हँकुव्हरला मे २०२४ मध्ये मेस्सी आणि त्याचे साथीदार सुआरेझ, बुस्केट्स तिघंही आले नाहीत तर क्लबने खाणंपिणं अर्ध्या किमतीत दिलं. हाँगकाँगला आयोजकांनी निम्मे पैसे परत केले, पण ती प्रदर्शनीय मॅच होती आणि गदारोळच तेवढा झाला होता. कायद्याने हक्क म्हणून मागाल तर काही हाती लागत नाही.

गवताचा_अभ्यासक
मेस्सी कृत्रिम टर्फवर खेळत नाही, हे आधी बघा. अटलांटाला गेलाच नव्हता.

शिकागोचा_वारा
हे चुकीचं आहे आणि प्रत्येक धाग्यावर कोणीतरी हेच लिहितं. न्यू इंग्लंडला एप्रिल २०२४ मध्ये टर्फवरच खेळला, दोन गोल मारले, ६५,६१२ लोकांसमोर. आणि सिटी फील्डला खरं गवत आहे, त्यामुळे तो प्रश्नच येत नाही.

निळा_शर्ट_सेक्शन
मी न्यूयॉर्क सिटीचा सीझन तिकीटवाला, म्हणून जरा मनापासून लिहितो. मेस्सी येतो त्या रात्री आमच्याच घरात आम्ही पाहुणे असतो. माझ्या शेजारच्या चार सीट वर्षभर त्याच चार माणसांच्या आहेत, एकमेकांच्या पोरांची नावं माहीत आहेत आम्हाला. मायामीच्या मॅचला त्या सीट विकल्या जातात, कारण त्या एका तिकिटात त्यांचं निम्म्या सीझनचं भाडं निघतं, आणि मला त्यांचा राग येत नाही. पण मग माझ्या बाजूला गुलाबी शर्टातली चार माणसं असतात ज्यांना आमचा गोलकीपर कोण ते ठाऊक नसतं. फ्रीस. अमेरिकेच्या टीमचा गोलकीपर आहे. ताई, बाबांना घेऊन या, पण एखादी साधी मॅचपण दाखवा, तीच सीट कितीतरी कमी पैशात मिळते.

जर्सीतले_काका
मी १९७४ पासून इथे आहे. हे सगळं मी एकदा बघून झालंय. १९७५ ला पेले न्यूयॉर्कच्या कॉसमॉस क्लबमध्ये आला तेव्हा ऑफिसात सॉकर शब्द कोणाच्या तोंडात नव्हता. दोन वर्षांत काय झालं? १४ ऑगस्ट १९७७, जायंट्स स्टेडियम, ७७,६९१ माणसं. मी आणि माझा रूममेट वर कुठेतरी होतो, पार्किंगमधून बाहेर पडायला दोन तास लागले. समोर फोर्ट लॉडरडेल होती, म्हणजे आत्ता मेस्सी जिथे खेळतो तेच गाव बघा. त्याच ऑक्टोबरला पेलेने निरोप घेतला, पाऊस पडत होता. बेकेनबाउर होता, किनालिया होता, तरी गर्दी हळूहळू ओसरली आणि १९८४ च्या सीझननंतर ती तेव्हाची लीगच बंद. माणूस गेला की लोक जातात. माझा मुलगा तेव्हा लहान होता, त्याला मी कॉसमॉसचा शर्ट घेतलेला, तो शर्ट मापाचा होईपर्यंत लीग उरली नव्हती.

आकडे_आणि_गोल
काका, तुमचा अनुभव मान्य, पण लीग पेले गेला म्हणून नाही बुडाली. सगळ्यांनी कॉसमॉससारखं व्हायला बघितलं, जमत नसताना पैसे ओतले, टीम भराभर वाढवल्या, म्हणून बुडाली. आत्ताची लीग त्यावरूनच शिकलीय. पगाराला मर्यादा आहे, मर्यादेबाहेरचे खेळाडू मोजकेच घेता येतात, तो नियमच २००७ ला बेकहॅमसाठी केला. आणि बेकहॅमने काय केलं? करारात लिहून घेतलं की पुढे अडीच कोटी डॉलरमध्ये नवी टीम काढता येईल. ती टीम म्हणजे इंटर मायामी. म्हणजे एका स्टारच्या करारातून क्लब जन्मला आणि त्या क्लबने दुसरा स्टार आणला. बेकहॅम गेल्यावर लोक गेले का? लीग आज ३० टीमची आहे.

जर्सीतले_काका
टीम ३० असतील. माझ्या नातवाला त्यातल्या पाचची नावं विचारतो, एकच सांगतो.

आकडे_आणि_गोल
एक तरी सांगतो ना काका. तुमच्या मुलाच्या वेळेला तेही नव्हतं. आणि कॅन्सस सिटीने मायामीची मॅच ॲरोहेड या मोठ्या स्टेडियमला हलवली तेव्हा ७२,६१० लोक आले. त्यातले दोन हजार जरी पुढच्या वर्षी परत आले तरी क्लबला ते मोठं आहे.

निळा_शर्ट_सेक्शन
आले का पण? हाच तर माझा प्रश्न आहे.

रियाधचा_सातारकर
इकडचं सांगतो. रोनाल्डो इकडच्या अल नस्र क्लबला आला तेव्हा आमच्या कॅम्पात केरळची पोरं रात्रभर जागी होती. पिवळा शर्ट दुकानात, सलूनमध्ये, टॅक्सीत, सगळीकडे. पण माझ्याबरोबर काम करणारा सौदी माणूस विरोधी क्लब अल हिलालचा चाहता आहे, त्याचा बाप अल हिलालचा होता, त्याला काही फरक पडला नाही. उलट आनंदच, कारण रोनाल्डो येऊनही नस्रला अजून लीग जिंकता आली नाही. आणि हिलालने नेमार आणला तर तो सगळ्या मिळून सात मॅच खेळला, गुडघा गेला, जानेवारीत परत ब्राझीलला. त्याच्या नावाचे शर्ट अजून अर्ध्या किमतीत मिळतात, मी दोन घेतलेत गावाकडच्या पोरांना.

फोंड्याचा_बाबू
आमच्याकडे सध्या हाच विषय आहे! ऑगस्टला आशियाई क्लब स्पर्धेचा ड्रॉ निघाला, आमची एफसी गोवा आणि अल नस्र एकाच गटात. २२ ऑक्टोबरला फातोर्ड्याला मॅच. रोनाल्डो येणार का, दुसरं कोण काही बोलतच नाही. ज्या माणसांनी कधी फातोर्डा बघितलं नाही ते तिकिटासाठी फोन करतायत. मी २०१४ पासून जातो, झिको कोच होता, पिरेस खेळायचा, तेव्हाही असंच वारं होतं. मुंबईला आनेल्का, ल्युंगबर्ग, दिल्लीला डेल पिएरो. ते आले, दोनतीन महिने खेळले, गेले. पण त्या वर्षी जी लहान पोरं बापाच्या खांद्यावर बसून आली त्यातली किती आज माझ्या स्टँडात आहेत ते मी डोळ्यांनी बघतो. त्यामुळे स्टारने काही होत नाही हे मला पटत नाही.

बालिंगा_एक्सप्रेस
रंकाळ्याची लेक म्हणजे कोल्हापूरच्या की ओ तुम्ही! बाबा कुठल्या पेठेतले? खेळलेत का तालमीकडून, म्हणजे पेठेच्या फुटबॉल टीमकडून? आमच्यात शाहू स्टेडियमला परदेशी खेळाडू आले तेव्हापण हाच वाद होता, नायजेरियाची पोरं पेठेच्या जर्सीत. म्हातारी माणसं म्हणायची आपली पोरं बाकावर बसणार. पण गर्दी वाढली हे खरं, आणि पोरांना आपल्यापेक्षा उंच, जोरात पळणाऱ्याला कसं थांबवायचं ते शिकायला मिळालं. मात्र एक सांगतो, परदेशी आला म्हणून कोणी पेठ बदलली नाही. शिवाजी पेठेतला माणूस शिवाजी पेठेचाच.

रंकाळ्याची_लेक
बाबा शिवाजी पेठेतलेच! डिफेंडर होते, तालमीकडून सात-आठ वर्षं खेळले, म्हणूनच हा हट्ट आहे. उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय गेल्या वर्षी, हे मी लिहिलं नव्हतं का? पण दादा लोकहो, माझा प्रश्न राहिला. आत्ता घेऊ का थांबू?

एडिसनचा_अण्णा
गुडघा! ताई हे आधी सांगायचं ना. मग सगळं बदलतं. वरच्या मजल्याचं तिकीट घेऊच नका, खालचं किंवा मधलं, आणि ओळीच्या कडेची सीट, म्हणजे पाय लांब करता येतो आणि दर दोन मिनिटांनी उठावं लागत नाही. लिफ्ट आहे, दारावरच्या माणसाला सांगा, लाजू नका. मेट्रोपार्कवरून पेन स्टेशन, तिथून लाँग आयलंडची गाडी थेट मेट्स-विलेट्स पॉइंटला जाते. सात नंबरची सबवे घेऊ नका, टाइम्स स्क्वेअरला बदलताना जिनेच जिने. तिकीट फोनमध्येच असतं, स्क्रीनशॉट चालत नाही, चार्जर न्या.

शिकागोचा_वारा
आणि थांबा. माझा सरळ सल्ला. एवढ्या मोठ्या मैदानात रीसेलला तिकिटं संपत नाहीत. मायामीची १६ ला सिॲटलशी आणि २० ला डीसीशी मॅच आहे. २० ला तो पूर्ण खेळला आणि लंगडला नाही तर २१-२२ ला घ्या. अजून एक बघा, या महिन्यात अर्जेंटिनाच्या दुसऱ्या मॅचला तो इक्वेडोरला गेलाच नाही, विश्रांती घेतली. म्हणजे क्लबसाठी पाय जपतोय.

घरबसल्या
थांबलात आणि दर वाढला तर? मी म्हणतोय ते टीव्हीचं बघा अजून.

ओमाहाची_वैशाली
विषयांतर होतंय, पण वडील आलेत तर व्हिजिटर इन्शुरन्स कुठला घेतलाय? गुडघ्याचं आधीचं दुखणं धरतात का? माझी आई नोव्हेंबरात येतेय.

रंकाळ्याची_लेक (२५ सप्टेंबर)
सगळ्यांना मनापासून धन्यवाद, आत्ता पहाटेचे दोन वाजलेत पण झोप येत नाहीये म्हणून लिहितेय.

मी थांबले. डीसीविरुद्ध त्याने दोन गोल मारले, दर थोडा वर गेला, मी घाबरले, पण २२ ला रात्री कोणीतरी खालच्या मजल्यावरची कडेची जोडी टाकली, तीनशे दहाला मिळाली. अण्णा, तुमच्या गाडीनेच गेलो, एक जिना चढावा लागला नाही.

तो खेळला! पूर्ण खेळला. मायामी ४-० जिंकली. पण मला बाबांचं सांगायचंय. पहिला अर्धा तास मेस्सी नुसता चालत होता, माझ्या मागची मुलं ओरडत होती की पळ, पळ, आणि मलाही वाटलं याचा पाय दुखतोय बहुतेक. बाबा म्हणाले, "त्याच्या पायाकडं बघू नको, मानेकडं बघ." खरंच, चालताना त्याची मान सारखी फिरत होती, डावीकडे, उजवीकडे, मागे. हाफ टाइमच्या जरा आधी त्याच्याकडे बॉल आला तेव्हा बाबांनी माझं मनगट घट्ट धरलं, पास निघायच्या आधी. मग पास निघाला आणि रॉड्रिगेझने गोल मारला. बाबांना कसं कळलं मला माहीत नाही. म्हणाले, मी असतो तर मीपण तिथे उशिराच पोचलो असतो.

मग ७४ व्या मिनिटाला बुस्केट्सचा पास, फ्रीस पुढे आला आणि याने बॉल अलगद त्याच्यावरून उचलला. सुआरेझची पेनल्टी झाली, आणि ८६ ला परत मेस्सी. निळा शर्ट दादा, चार गोल झाल्यावरसुद्धा तुमच्या स्टँडातले ढोल थांबले नाहीत, बाबांनी मुद्दाम उभं राहून तिकडे बघून टाळ्या वाजवल्या.

वैशाली, इन्शुरन्सचं वेगळ्या धाग्यावर लिहिते.

जर्सीतले_काका
बाबांना माझा नमस्कार सांगा. मानेचं जे म्हणाले ते पेलेलाही लागू होतं.

निळा_शर्ट_सेक्शन
मी ढोलांच्या खाली तिसऱ्या ओळीत होतो. बाबा निघायच्या आत फोन करा, माझ्याकडे एक जास्तीचा निळा स्कार्फ आहे, स्टेशनवर आणून देतो.

फोंड्याचा_बाबू (२३ ऑक्टोबर)
धागा वर काढतोय. काल फातोर्ड्याला रोनाल्डो आला नाही. टीमबरोबर भारतात आलाच नाही. सकाळपासून लोक तिकिटं विकत होते, आमच्या पुढच्या ओळीतल्या दोघांनी सात नंबरचा शर्ट बॅगेत भरून ठेवला. अर्ध्या तासाच्या आत ०-२. मला वाटलं आता स्टँड रिकामा होणार. आणि ४१ व्या मिनिटाला ब्रायसनने गोल मारला, आमचा ब्रायसन फर्नांडिस, इथलाच! मी अकरा वर्षांत फातोर्ड्याचा असा आवाज ऐकला नाही. ते पुढच्या ओळीतले दोघं माझ्या गळ्यात पडले, नाव नाही, ओळख नाही. १-२ नेच हरलो, पण शिट्टी वाजेपर्यंत कोणी हललं नाही. त्यातला एक जाताना विचारत होता की पुढची मॅच कधी आहे.

रंकाळ्याची_लेक
बाबू दादा, तुमचं हे बाबांना फोनवर वाचून दाखवलं. ते विचारतायत, गोल कुठल्या पायाने मारला?