मदत हवी आहे: मामांची टीएलडीची गोळी, शुगरची औषधं आणि वाढलेलं क्रिएटिनिन

रानजाई

नमस्कार. नेहमीचा आयडी बाजूला ठेवून नव्या आयडीने लिहितेय, कारण गोष्ट मामांची आहे आणि त्यांची ओळख कुठे उघड व्हायला नको.

मामा साठीला आलेत. सातारा जिल्ह्यातल्या एका गावात असतात, शेती करतात. 2009 पासून एचआयव्हीचे उपचार चालू आहेत. घरात मामी, आई आणि मी, एवढ्याच जणींना माहीत आहे. मामींची तपासणी निगेटिव्ह आहे. औषधं सरकारी एआरटी केंद्रातून (एचआयव्हीच्या औषधोपचाराचं केंद्र) मिळतात. आधी दोन वेळच्या गोळ्या होत्या, मग रात्रीची एक आली, आणि कोविडच्या काळात ती बदलून टीएलडी दिली: टेनोफोव्हिर 300, लॅमिव्हुडिन 300 आणि डोल्युटेग्राव्हिर 50 मिलिग्रॅम, तिन्ही एकाच गोळीत. मामा गोळीच्या बाबतीत फार कडक आहेत. लग्नाला मुक्कामी गेले तरी दोन गोळ्या पुडीत बांधून बंडीच्या आतल्या खिशात असतात. मागच्या व्हायरल लोडच्या, म्हणजे रक्तात विषाणू किती ते मोजणाऱ्या, रिपोर्टवर 'टार्गेट नॉट डिटेक्टेड' आलं होतं.

आता अडचण अशी. त्यांना डायबेटिस आहे. त्याचे डॉक्टर वेगळे, तालुक्याच्या गावी. दिवाळीनंतर शुगर वाढली म्हणून मेटफॉर्मिन 500 दोन वेळचं 1000 दोन वेळ झालं. तेव्हापासून मळमळ, मधूनच जुलाब, जेवण जात नाही. त्यावर मामा मेडिकलमधून अ‍ॅसिडिटीची पातळ बाटली आणतात आणि रात्री जेवणानंतर दोन झाकणं घेतात. त्याच वेळी टीएलडी. मामींची कॅल्शियमची गोळीही 'गुडघ्याला बरी' म्हणून सुरू केलीय. झोप तर पूर्वीपासूनच तुटक.

त्यात क्रिएटिनिन (किडनीचं काम कळायला रक्तात बघतात तो आकडा) 0.9 चं 1.2 आलं. शुगरच्या डॉक्टरांनी विचारलं, 'दुसरी काही औषधं चालू आहेत का?' मामा म्हणाले, नाही. आणि एआरटी केंद्रात मेटफॉर्मिन वाढल्याचं बोलले नाहीत. आता मोबाईलवर कुठेतरी वाचलं की टेनोफोव्हिर किडनीवर येतं. काल फोनवर म्हणाले, 'महिनाभर ती मोठी गोळी थांबवून बघतो.' माझे हातपाय गळाले. त्यांना काय सांगू? हे सगळं खरंच त्या गोळीमुळे होतंय का? ज्यांना माहिती आहे त्यांनी कृपया लिहा.

खलबत्ता

मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही, हे ध्यानात ठेवून वाचा.

सगळ्यात आधी: टीएलडी थांबवू नका. एक दिवसही नाही. 'टार्गेट नॉट डिटेक्टेड' म्हणजे रक्तात विषाणू मोजता येत नाही. शरीरातून तो गेलेला नसतो, काही पेशींमध्ये दडून असतो. औषध थांबलं की बहुतेकांमध्ये काही आठवड्यांतच पुन्हा वर येतो. शिवाय यातली दोन औषधं हेपटायटिस बी वरही काम करतात. ज्यांना तोही आजार आहे त्यांनी गोळी अचानक सोडली तर यकृताला मोठा धोका असतो.

आता तुम्ही लिहिलेलं नीट जुळवून बघा. डोल्युटेग्राव्हिरमुळे मेटफॉर्मिन शरीराबाहेर पडायचं प्रमाण कमी होतं आणि रक्तातलं त्याचं एकूण प्रमाण साधारण 80 टक्क्यांनी वाढतं. म्हणून ही दोन औषधं बरोबर असताना मेटफॉर्मिन दिवसाला 1000 मिलिग्रॅमच्या वर सहसा नेत नाहीत. मामा 2000 घेताहेत. मळमळ, जुलाब, भूक मरणं ही मेटफॉर्मिन जास्त झाल्याची नेहमीची लक्षणं. त्या मळमळीवर ते घेतात पातळ अँटासिड. त्यात अ‍ॅल्युमिनियम आणि मॅग्नेशियम असतं, ते पोटात डोल्युटेग्राव्हिरला धरून ठेवतं आणि औषध रक्तात पुरेसं पोचत नाही. म्हणजे एक औषध जास्त चढतंय, त्याच्या त्रासावर घेतलेलं दुसरं औषध तिसऱ्याला अडवतंय, आणि मामा मात्र सगळं वेळेवर घेताहेत.

अँटासिड घ्यायचंच असेल तर टीएलडी त्याच्या 2 तास आधी किंवा 6 तास नंतर. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्यांनाही हाच नियम. फक्त त्या जेवणाबरोबर टीएलडीसोबत चालतात, अँटासिड तसंही चालत नाही. मेटफॉर्मिन मात्र मनाने कमी करू नका, शुगर चढेल. दोन्ही डॉक्टरांना एकमेकांची औषधं कळली तर हे काम एका भेटीत होण्यासारखं आहे.

क्रिएटिनिनबद्दल: डोल्युटेग्राव्हिरमुळे मूत्रातून क्रिएटिनिन टाकण्याची एक वाट थोडी अडते, त्यामुळे रिपोर्टमधला आकडा जरासा वाढतो, किडनी तशीच असते. पण ही वाढ सुरुवातीच्या काही आठवड्यांतच होऊन थांबते. मामा ही गोळी काही वर्षं घेताहेत. 0.9 गोळी बदलण्याआधीचं की नंतरचं, ते बघा. नंतरचं असेल तर दुर्लक्ष करू नका. टेनोफोव्हिर आणि डायबेटिस, दोन्हींचा किडनीवर परिणाम होऊ शकतो, आणि जुलाबाने अंगातलं पाणी कमी झालं तरी आकडा वाढतो. लघवीतलं प्रोटीन तपासायला सांगतील. किडनी खरंच बिघडत असेल तर टेनोफोव्हिरच्या जागी दुसरं औषध देता येतं, बहुधा अबाकाव्हिर. तो निर्णय केंद्राचे डॉक्टर घेतील.

चिवट_वेल

रानजाई, मी स्वतः ही गोळी घेतो. मामांपेक्षा जुना पेशंट आहे.

1 एप्रिल 2004 ला सरकारने मोफत एआरटी सुरू केली तेव्हा देशात फक्त आठ केंद्रं होती, मुंबईचं जे. जे. त्यातलं एक. माझी तेव्हा स्टॅव्हुडिन होती. गाल बसले, तळपायांची इतकी आग व्हायची की रात्री ओल्या फरशीवर पाय टेकून बसायचो. मग झिडोव्हुडिन, मग एफाव्हिरेंझवाली रात्रीची गोळी, तिने भलतीसलती स्वप्नं पडायची. त्या सगळ्यानंतर टीएलडी मला फार सोसवली. मामांना माझ्याकडून सांगा, जी आपण मिळवायला वाट पाहिली ती गोळी मोबाईल वाचून सोडायची नाही.

झोपेचं: एफाव्हिरेंझ झोपताना घ्यायचं असायचं, म्हणून बऱ्याच जणांनी टीएलडीही रात्रीच चालू ठेवली. डोल्युटेग्राव्हिरने काहींची झोप उडते. केंद्रात विचारून मी सकाळी न्याहारीनंतर घ्यायला लागलो, फरक पडला. वेळ बदलताना दोन गोळ्यांतलं अंतर 24 तासांच्या वर जाऊ देऊ नका. आणि पुडीपेक्षा गोळ्या मूळ डबीत ठेवा, ओल लागत नाही.

घाटवाट

शुगरच्या डॉक्टरांना सांगायची भीती मी समजू शकते, माझ्या दिरांच्या वेळी आम्ही त्यातून गेलोय. 2017 चा एचआयव्ही-एड्स कायदा सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. एचआयव्ही आहे म्हणून उपचार नाकारता येत नाहीत आणि संमतीशिवाय कुणाला सांगताही येत नाही. तरी मामांना समोरासमोर बोलणं जड जात असेल तर आधी केंद्रातल्या समुपदेशकांशी बोला. आमच्याकडे केंद्राच्या डॉक्टरांनीच औषधांची नावं लिहून चिठ्ठी दिली होती. बाहेर बसलेल्यांसमोर काही बोलावं लागलं नाही, चिठ्ठी पुढे केली. 1097 ही मोफत हेल्पलाइन आहे, मराठीतही बोलतात.

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्रीच मामांना फोन करून खलबत्ता यांचा प्रतिसाद हळूहळू वाचून दाखवला. मेटफॉर्मिनचं ऐकल्यावर बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, 'म्हणजे ती बाटलीच नडली का?' गोळी थांबवणार नाहीत, तसं मामींच्या शपथेवर कबूल केलंय. बाटली आणि कॅल्शियम बंद. 0.9 चा रिपोर्ट शोधला, तो टीएलडी सुरू झाल्यानंतरचाच निघाला. म्हणून तपासणी लांबवत नाही, सोमवारी मी गावी जातेय, दोन्ही फायली घेऊन केंद्रात जाऊ.

एकच विचारायचं राहिलं. इतके दिवस अँटासिडबरोबर गोळी गेली, तर विषाणूला औषधाची सवय लागली असेल का?

खलबत्ता

डोल्युटेग्राव्हिरला विषाणू सहजासहजी दाद देईनासा होत नाही, म्हणूनच एफाव्हिरेंझऐवजी ते आणलं. पण अंदाजावर राहू नका. व्हायरल लोड पुन्हा करायचा का, ते केंद्रात विचारा, आणि अँटासिड कधीपासून चालू होतं ते महिना आठवून सांगा. जाताना सगळ्या औषधांची पाकिटं, ती रिकामी बाटलीसुद्धा, एका पिशवीत घालून न्या. तोंडी सांगताना हमखास एखादं राहून जातं.

रानजाई

पिशवी भरायला मामींना सांगितलंय. रिपोर्ट आले की इथेच लिहिते.